डोंगर फक्त मोळीपुरता नाही

 

मी बचत गटांची समन्वयक. एरवी मी बोलायला लागले की तुम्हाला माहीतच असतं, हप्ता आला, व्याज आलं, बँकेचं पासबुक आलं. आज ते सगळं बाजूला ठेवूया. आज मी फिरायला जाण्याबद्दल बोलणार आहे. घरच्या सगळ्यांनी मिळून, सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं, जवळच्या डोंगरावर, किल्ल्यावर, समुद्रकाठी. हसू नका, हाही गटाच्या बैठकीचाच विषय आहे. कसा ते सांगते.

मागे एका गावच्या बैठकीत मी बायकांना एक प्रश्न विचारला होता. लग्नकार्य, माहेर, दवाखाना आणि बाजार सोडून तुम्ही शेवटच्या बाहेर कुठे गेलात? बराच वेळ कोणी बोलेना. मग मागून एक जण म्हणाली, "बँकेत." सगळ्या खळखळून हसल्या. मीही हसले. पण घरी येताना ते उत्तर काही डोक्यातून जाईना.

त्याच बैठकीत एक ताई होती, वाघोबा खिंडीच्या बाजूच्या पाड्यावरची. काळदुर्गाच्या डोंगरात सरपणाला जाते, वीसेक वर्षं झाली. मी विचारलं, वर किल्ल्यावर कधी गेलीस का? ती म्हणाली, "लाकडं अर्ध्यावरच मिळतात ना ताई. मग वर कशाला जाणार?"

बघा मैत्रिणींनो, किती खरं बोलली ती. आपण डोंगर चढतो, पण मोळीपुरता. नदीवर जातो, पण धुण्यापुरतं. समुद्रावर जातो, पण मासळीची पाटी उचलायला. मुंबईची मुलं शनिवार-रविवारी पाठीवर पिशव्या टाकून आपल्या गावातून वर जातात, फोटो काढतात, खाली येऊन आपल्याच दारात पाणी मागतात. आपण त्यांना वाट दाखवतो. आपण मात्र त्या वाटेच्या शेवटपर्यंत गेलेलोच नसतो.

म्हणून आज माझं म्हणणं एवढंच आहे. वर्षातून दोन-तीन दिवस असे असावेत, की बाई डोंगरावर रिकाम्या डोक्याने जाईल. डोक्यावर काही नाही आणि डोक्यात पण काही नाही!

आता कुठे जायचं? लांब जायची गरजच नाही. १ ऑगस्ट २०१४ ला आपला पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. या एवढ्याशा जिल्ह्यात समुद्र आहे, खाडी आहे, डोंगर आहे आणि किल्ले तर इतके आहेत की दर वर्षी दोन पाहिले तरी मुलं मोठी होईपर्यंत पुरतील. मी सोप्याकडून अवघडाकडे जाते.

सगळ्यात सोपा शिरगावचा किल्ला. पालघरहून सातपाटीच्या रस्त्याने गेलं की शिरगाव. किल्ला गावातच, सपाटीवर, समुद्राच्या जवळ. चढ जवळजवळ नाहीच. सासूबाईंचे गुडघे दुखत असले, कडेवर लहान मूल असलं तरी चालेल. तट अजून उभा आहे, बुरूज आहेत. आणि मुलांना दाखवायला एक गंमत आहे. ताडाला कधी फांद्या फुटतात का? तिथे फांद्या फुटलेला ताड आहे, त्याला रावणताड म्हणतात. मुलांना आधी सांगू नका, त्यांनाच शोधू द्या.

मग केळवे. स्टेशनचं नाव केळवे रोड, तिथून गाव रिक्षाने. सुरूची बाग, शितळादेवीचं देऊळ, लांबच लांब किनारा आणि सुरूच्या बनात वाळूत अर्धा बुजलेला एक छोटा किल्ला. शिवाय नारळ-केळीच्या वाड्या आणि पानवेली. आजारी माणसालासुद्धा सावलीत बसून दिवस काढता येईल अशी जागा.

बोईसर-तारापूरच्या मैत्रिणींना चिंचणीचा किनारा जवळ आहे. तारापूर म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, एमआयडीसीतले कारखाने आणि १९६९ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. पण त्याच्या सव्वादोनशे वर्षांहून आधी तारापूर गाजलं होतं ते किल्ल्यासाठी. ही सगळी किनारपट्टी तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. १७३७ ते १७३९ अशी वसईची मोहीम चालली, चिमाजी अप्पा तिचे सेनापती. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी तारापूरच्या तटाला सुरुंग लावले आणि किल्ला घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर हे मोठे सरदार पडले. पुढे मे महिन्यात वसई आली. तुमच्या घरचा माणूस रोज ज्या रस्त्याने कामाच्या पाळीला जातो, त्या मुलखात हे घडलं आहे. मुलांना एवढं तरी माहीत असायला हवं. फक्त एक लक्षात ठेवा, तारापूरच्या किल्ल्याच्या आत खाजगी वाडी आहे. विचारल्याशिवाय आत शिरू नका.

आता चढाचे. काळदुर्ग पालघर-मनोर रस्त्यावर आहे. खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे, तिथून वाट वर जाते. उंची सुमारे दीड हजार फूट. सवयीचं माणूस दीड तासात जाईल, मुलांना घेऊन दोन-अडीच तास धरा. वर तटबंदी वगैरे फारशी उरलेली नाही, एक मोठा चौकोनी कातळ आहे, जणू देवाने मांडलेला पाट. त्यावर उभं राहिलं की एका बाजूला पालघर आणि पलीकडे समुद्राची रेघ, दुसऱ्या बाजूला सूर्या नदीचा मुलूख. आपलं घर कुठे, शाळा कुठे, रेल्वे कुठून जाते, हे मुलं बोट दाखवून सांगतात. खाली येऊन पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी जरूर थांबा. १४ ऑगस्ट १९४२ ला चलेजावच्या मोर्चावर इथे गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. आपल्याच परिसरातली माणसं होती ती.

सफाळ्याजवळ तांदूळवाडीचा किल्ला. पायथ्याला तांदूळवाडी गाव, वर पठार, आणि वरून वैतरणेचं खोरं दिसतं. आणि मनोरच्या पुढे अहमदाबाद महामार्गावर खोडकोना गावावरून आशेरीगड. उंची सुमारे १७०० फूट, वाट रानातून. शेवटी कातळ लागतो, तिथे हात टेकून चढावं लागतं, म्हणून अगदी लहान मुलं नकोत. वर पोर्तुगीजांच्या राजचिन्हाचा कोरलेला दगड आहे, त्यावर मुकुट आहे. कुठला पोर्तुगाल आणि कुठलं आपलं मनोर! हे लोक इथे कशाला डोंगरावर येऊन बसले होते, असं मुलं विचारतील. सांगा त्यांना, आजूबाजूच्या रानातलं सागवान त्यांना जहाजं बांधायला हवं होतं. आपल्या लाकडावर डोळा तेव्हापासूनचा आहे.

कोणी म्हणेल, ताई, आम्हाला इतिहास कुठे कळतो? सनावळ्या तर शाळेतच विसरलो. मी म्हणते, किल्ला बघायला बाईइतके चांगले डोळे कोणाचे नाहीत. कसं ते ऐका.

किल्ला म्हणजे काय? शेकडो माणसांचं एक मोठं घरच. तलवारी, तोफा हे सगळं नंतर. आधी त्यांना पाणी हवं, धान्य हवं, सरपण हवं. म्हणून वर गेल्यावर आधी पाणी शोधा. काळदुर्गावर, तांदूळवाडीला, आशेरीवर कातळात खोदलेल्या टाक्या आहेत. छिन्नी-हातोड्याने दगड फोडून केलेल्या. त्यांच्या काठावर उभं राहून विचार करा, पावसाचं पाणी यात कुठून येत असेल? गाळ बसू नये म्हणून काय केलं असेल? मेपर्यंत पुरत असेल का? आपल्या पाड्यावर मार्च उजाडला की विहीर तळाला जाते. त्यांनी डोंगराच्या माथ्यावर पाणी कसं साठवलं, हे आपल्याला जितकं कळेल तितकं कोणा साहेबाला कळणार नाही. मग बघा, वारा कुठून येतो, सावली कुठे पडते, दार कुठे ठेवलंय, दाराकडे येणारा माणूस आतून आधी कसा दिसतो. नवीन घर बांधताना आपण हेच बघतो की नाही? एकदा असं बघितलं की दगड बोलायला लागतात. आणि ही गोष्ट मुलाला आई सांगते, तेव्हा आईकडे बघायची त्याची नजरही जरा बदलते. गुरुजींपेक्षा आईला जास्त माहीत आहे हे त्याला त्या दिवशी कळतं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. घरची सहल निघते म्हणजे होतं काय? बाई पहाटे चारला उठते. वीस जणांच्या पोळ्या, भाजी, मुलांचे कपडे, सासऱ्यांच्या गोळ्या. तिकडे गेल्यावर सतरंजी घालते, वाढते, भांडी गोळा करते. घरी आल्यावर सगळे आडवे पडतात आणि ती डबे घासत बसते. मग पुढच्या वेळी तीच म्हणते, तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी. अशा सहलीला मी सहल म्हणत नाही. ती स्वयंपाकघराची बदली झाली.

म्हणून निघायच्या आधीच काम वाटून घ्या. दशम्या किंवा भाकऱ्या आदल्या रात्री, आणि त्याबरोबर कोरडी चटणी, कांदा, उकडलेली अंडी किंवा शेंगा. सुकटीची चटणी असली तर बघायलाच नको. थंडीत उकडलेला कंद, हंगामात डहाणू-घोलवडचे चिकू. अंडी मुलगा सोलेल, शेंगा सासरे निवडतील. पाण्याच्या बाटल्या भरणं आणि त्या वाहणं हे पुरुषांचं काम. ताटं नेऊच नका, ज्याने त्याने आपल्या डब्यात खावं आणि घरी येऊन आपला डबा आपण धुवावा. हे भांडून होत नाही, आधी बसून बोललं की होतं. आमच्या एका गटातल्या वहिनीने घरात सरळ सांगितलं, "मी येते, पण डबे मोजणार नाही." नवरा आधी गप्प झाला. मग त्यानेच डबे मोजले, आणि एक विसरला. काही बिघडलं नाही, दोघांनी एका डब्यात खाल्लं.

आणखी एक अडचण मला बायका कानात सांगतात. रेडिओवर मी मोठ्याने सांगते. लघवीला कुठे जायचं? या एका भीतीपायी कित्येक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग डोकं दुखतं, चक्कर येते, जळजळ होते. यावर उपाय आहे. स्टेशनवर किंवा एसटी स्टँडवर जाऊन या. पायथ्याच्या गावात एखाद्या घरी विचारा, बाईला बाई नाही म्हणत नाही. वर दोघी-तिघींनी मिळून आडोशाला जायचं, एकीने पहारा द्यायचा. पाळी असेल आणि जावंसं वाटत असेल तर खुशाल जा. जादा पॅड आणि कागदी पिशवी बरोबर ठेवा, वापरलेलं घरी परत आणा. पाणी मात्र माणशी दोन लिटर, कमी नको. टाक्यांमधलं पाणी दिसायला निवळ असलं तरी पिऊ नका.

कपड्यांचं म्हणाल तर जे घालून तुम्हाला भराभर चालता येतं ते घाला. आपल्या आज्या कासोटा मारून याच डोंगरात चढत होत्या. पंजाबी ड्रेस सोयीचा वाटतो तर तो घाला, त्यावरून घरात चर्चा नको. पायात मात्र पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत. गुळगुळीत झालेल्या स्लिपरवर कातळ चढू नका.

पैशांचं काय? हिशेब मांडूया, तो तर आपला हातखंडा. डहाणूपर्यंत २०१३ पासून लोकल येते, त्यामुळे सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही सगळी गावं एकमेकांना थोड्या तिकिटात जोडली आहेत. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना तिकीटच नाही, आधार कार्ड तेवढं बरोबर ठेवा. किल्ला बघायला पैसे पडत नाहीत. जेवण घरचं. खर्च राहतो रिक्षाचा आणि चहाचा. तरी गटाने जायचं ठरवलं, तर महिन्याला वीस रुपये वेगळे काढा. सहा महिन्यांत एकशेवीस होतात. पण ही वर्गणी बचतीत मिसळू नका आणि अंतर्गत कर्जाच्या पैशाला तर हातच लावू नका. वेगळी वही, वेगळी नोंद, आणि निर्णय ठरावात लिहायचा. आपली पंचसूत्री पाठ आहे ना? तिला धक्का लागता कामा नये.

आणि ज्या गटांची गावं डोंगराच्या पायथ्याशी आहेत, त्यांनी दुसऱ्या बाजूनेही विचार करावा. आपल्या जिल्ह्यातल्याच दुसऱ्या गावचा गट तुमच्याकडे आला, तर त्यांना पैसे घेऊन गरम भाकरी-पिठलं देता येईल. वाटेची माहिती असलेली तुमच्यातली एखादी ताई त्यांच्याबरोबर जाऊ शकेल. तिने दिवस मोडला तर तिची मजुरी त्यांनी द्यावी. मोळीला भाव ठरवतो तसा वाटेलाही भाव असतो.

आता जिवाची काळजी. हे नीट ऐका.

पावसाळ्यात डोंगर हिरवा दिसतो, पण कातळावर शेवाळ असतं. चढाच्या किल्ल्यांना ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. धबधब्याच्या डोहात उतरू नका. वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं. प्रशासनाने एखाद्या ठिकाणी बंदी घातली असेल तर ती मोडू नका. समुद्रावर गेलात तर आधी तिथल्या मासेमारी करणाऱ्या माणसाला भरती-ओहोटीची वेळ विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठं असतं, हे कोळी, मांगेली, वैती घरातल्या मैत्रिणींना सांगायला नको. खाडीतल्या किल्ल्याकडे पाण्यातून चालत जायचा हट्ट नको, तो काठावरूनही छान दिसतो.

सकाळी सातपर्यंत चढायला लागा, दोनच्या आत खाली या. चालताना सगळ्यात सावकाश चालणारं माणूस सगळ्यांची चाल ठरवेल, मग ते मूल असो की आजी. पुढे एक मोठं माणूस, शेवटी एक मोठं माणूस, मुलं मधे. माकडांपुढे पिशवी उघडू नका. दगड उचकू नका, खाली विंचू असतो. साप चावलाच तर माणसाला चालवू नका, करकचून बांधू नका, भगताकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. दुसरी कसलीही अडचण आली तर ११२. वर रेंज नसते, म्हणून निघताना घरी किंवा शेजारी सांगून जा, कुठे जातोय आणि कधी परतणार.

रानात चूल पेटवू नका. प्लास्टिक जेवढं नेलं तेवढं मोजून परत आणा. तटावर नावं कोरायला मुलांना देऊ नका. वाटेत वाघोबा, गावदेवी, कोणाचं देवस्थान लागलं तर चपला काढा आणि विचारूनच फोटो घ्या. कोणाचा तरी देव आहे तो.

शेवटी ज्या मैत्रिणी म्हणतात की आम्हाला रोजच चालायला लागतं, सुट्टीच्या दिवशी आणखी कशाला चालू, त्यांच्याशी दोन शब्द. बरोबर आहे तुमचं. दमलेल्या बाईला डोंगर दाखवणं म्हणजे जखमेवर मीठ. तुम्ही शिरगावला चला, केळव्याला चला. सुरूच्या सावलीत पाय पसरून नुसत्या बसा. पोरं वाळूत खेळतील, नवरा त्यांच्या मागे पळेल. तुम्ही समुद्र बघा. दोन तास कोणी हाक मारणार नाही. तोही फिरण्याचाच भाग आहे, आणि त्याचा हिशेब कोणाला द्यावा लागत नाही.

तर पुढच्या बैठकीत वसुली झाली, सह्या झाल्या, की आणखी एक विषय मांडा. जागा एक ठरवा, तारीख एक ठरवा, आणि पाणी कोण वाहणार त्या माणसाचं नाव लिहा. नाव लिहिल्याशिवाय बैठक उठवू नका. बोललेलं विसरतं, वहीत लिहिलेलं होतं, हे तुमच्याकडूनच मी शिकले आहे.

येते मैत्रिणींनो. डोंगरावर भेटूया. नमस्कार.